घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये मी आणि माझा मावसभाऊ सहा वर्षं दोन सीटचं विमान जोडत होतो. मी मच्छीमार बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक, तो परवाना असलेला वैमानिक. मार्च ते मे शेड आंब्याच्या पेट्यांना लागायची, तेव्हा आमचे पंख वाशांना दोऱ्या बांधून वर टांगलेले असायचे. आता विमान उडतंय. फोनवर, एसटीत, तेराव्याच्या जेवणातसुद्धा लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढतो. धावपट्टीचं नाव लिहिणार नाही. गर्दी होऊ देणार नाही असा शब्द परवानगी घेताना दिलाय.

खरंच उडालं काय?

उडालं. डिसेंबरातल्या एका सकाळी ७ वाजून २५ मिनिटांनी, २२ मिनिटं. भाऊ एकटाच आत होता.

मग आम्हाला बोलावलं का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि बहुतेकदा रागाने. एका काकांनी तर तोंडावर सांगितलं, "मेल्यांनो, नारळ फोडूक तरी बोलवायचा होता." त्यामुळे याचं उत्तर नीट देतो.

त्या सकाळच्या आधी आम्ही दोनदा धावपट्टीवर जाऊन परत आलो. पहिल्यांदा इंजिन गरम केल्यावर काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, तेलाचा एक थेंब दिसला. एकच. पुसला, पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच. तेलाच्या नळीचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल निघाला. घट्ट करायला दोन मिनिटं लागली असती, पण मग बाकीचे क्लॅम्पही बघावे लागणार होते, म्हणून त्या दिवशी उड्डाण रद्द. दुसऱ्यांदा विमानात काही दोष नव्हता, वारा लवकर फिरला एवढंच. आम्ही चहा प्यायलो आणि घरी आलो.

आता समजा, तिथे मांडव घातलाय, सरपंच हार घेऊन उभे आहेत, शाळेची पोरं रांगेत आहेत आणि मुंबईहून चाकरमानी खास रजा काढून आलेत. एका थेंबासाठी भाऊ इंजिन बंद करून खाली उतरला असता? तो म्हणतो, उतरलो असतो. मी म्हणतो, कुणास ठाऊक. माणूस आहे तो. दोनशे लोक बघत असले की "एवढ्याने काय होतंय" हे वाक्य आपोआप तोंडात येतं, आणि विमान बांधणाऱ्याने सगळ्यात जास्त भ्यायचं ते याच वाक्याला.

राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला उड्डाण केलं तेव्हा बघायला पाच माणसं होती, तीही बहुतेक जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरची. तीन दिवस आधी, १४ तारखेला, विल्बरचा प्रयत्न फसला होता आणि विमान थोडं मोडलं होतं. दुरुस्त केलं आणि पुन्हा उभे राहिले. आमच्या धावपट्टीवर परवानगीप्रमाणे लागणारी माणसं, एक अग्निशामक सिलिंडरवाला, एक रेडिओवाला आणि मी, एवढेच होतो.

नारळाचं म्हणाल तर तो आदल्या दिवशी शेडमध्ये फुटला. गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, प्रसाद वाटला. देवाचं आदल्या दिवशी उरकलं की सकाळी डोकं नटबोल्टला मोकळं राहतं.

हे कायदेशीर आहे का? की असंच उडवताय?

असंच उडवता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, विमानाची नोंदणी होते, व्हीटीने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि चाचणीसाठी 'परमिट टू फ्लाय' लागतं. त्यात कुठून, किती उंचीपर्यंत, कोण उडवणार हे सगळं लिहिलेलं असतं. किनारपट्टीवर तटरक्षक दल आणि नौदलाचाही संबंध येतो. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा आहे, खाली गोव्यात दाबोळी नौदलाचा तळ. मधल्या पट्ट्यात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे. आकाश रिकामं दिसतं, पण त्याच्या वाटण्या झालेल्या आहेत.

कागदांना किती वेळ लागतो, असं विचारणाऱ्यांनी कॅप्टन अमोल यादव यांचा प्रवास आठवावा. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि परमिट मिळालं २०१९ मध्ये. आमचं विमान लहान, किटमधलं, त्यामुळे आमची फाईल त्यांच्याइतकी जाड झाली नाही. तरी एका कार्यालयात आमचा अर्ज चार महिने भलत्याच टेबलावर होता. तिथल्या शिपायालाच शेवटी दया आली.

पुळणीवरून का नाही उडवलं? एवढी सपाट जागा आहे की.

ओहोटीची ओली वाळू कडक असते हे खरं, आणि बघताना मोह होतोही. पण चार पावलं वर गेलं की तीच वाळू भुसभुशीत, आणि पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर. त्यात रापण ओढणारे, भिजलेले दोर, कुत्री, पर्यटकांच्या जीप. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी सातला मिळालेली पुळण आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली. शिवाय परवानगी नाही. विषय संपला.

कोणता महिना आणि कोणती वेळ चांगली?

डिसेंबर-जानेवारी, सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास. आपल्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, मंद आणि एकसारखा. मग तो मरतो. थोडा वेळ माडाची झावळीसुद्धा हलत नाही, आणि अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा उठतो. दुपारी सड्याच्या कड्यावर आपटून तो वर उसळतो आणि धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला विमान खालीवर हेलकावतं. होडीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. विमानवाल्या पोरांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण ती मोबाईलवर वारा बघतात.

उष्णतेचाही हिशेब असतो. विमानाची पुस्तकी कामगिरी समुद्रसपाटीला १५ अंश धरून दिलेली असते. ३३ अंशांच्या दुपारी देवगडची हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साधारण २००० फुटांवर आहोत असं वाटतं. पंखाला उचल कमी, इंजिनाला हवा कमी, धाव लांब. पहिल्या उड्डाणाला हा भुर्दंड कशाला घ्यायचा?

उडण्याआधी नक्की काय काय तपासलं?

पूर्ण यादी २११ ओळींची आहे. ज्यातून आम्ही शिकलो ते तेवढं सांगतो.

आधी वजन. तीन चाकांखाली तीन काटे. पुढच्या चाकावर ७० किलो, डाव्यावर ११८, उजव्यावर १२२. एकूण ३१०. नाकाच्या टोकापासून पुढचं चाक ६० सेंटीमीटरवर आणि मागची दोन २१० वर. गुणाकार-बेरीज केली की रिकाम्या विमानाचा तोल १७६ सेंटीमीटरवर येतो. त्यात वैमानिक आणि पेट्रोल घालून पुन्हा हिशेब, आणि तो आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, शक्यतो पुढच्या अर्ध्यात, यायला हवा. तोल मागे गेला की विमान नाक वर करत सुटतं आणि खाली घेणं अवघड होतं. काटे आम्ही आंब्याच्या व्यापाऱ्याकडून आणले होते. वजन घेताना शेडची दारं बंद ठेवा, पंखावरून झुळूक गेली तरी काटा हलतो.

मग पेट्रोलचा प्रवाह. विमानाचं नाक चढताना असतं तेवढं वर करून, कार्ब्युरेटरची नळी काढून, पेट्रोल मापाच्या भांड्यात सोडायचं. पंप असेल तर इंजिनाच्या जास्तीत जास्त खपाच्या सव्वापट प्रवाह मिळाला पाहिजे, नुसत्या उतारावर चालत असेल तर दीडपट. आमचं रोटॅक्स ९१२, १०० हॉर्सपॉवरचं. पूर्ण थ्रॉटलला तासाला सुमारे २७ लिटर धरले तर मिनिटाला ५६० मिलिलिटरच्या वर यायला हवं. पहिल्यांदा आलं ४१०. टाकीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत सीलंटची वाटाण्याएवढी गोळी अडकली होती, आम्हीच लावलेल्या सीलंटची. जमिनीवर इंजिन मजेत चाललं असतं, चढताना मात्र गुदमरलं असतं.

तिसरी गोष्ट वेग दाखवणारं घड्याळ. पंखाखालच्या पिटो नळीत समोरून हवा शिरते आणि तिच्या दाबावर काटा फिरतो. हे तपासायला महाग यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू आकारात फळीवर ठोका, पाणी भरा. एक टोक पिटोला जोडून दुसरीकडून हळूच दाब द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ६० मिलिमीटरचा फरक पडला की काटा ६० नॉटवर, म्हणजे तासाला सुमारे १११ किलोमीटरवर, हवा. हा योगायोग लक्षात ठेवायला छान आहे, पण तो ६० लाच जमतो. ४० नॉटला २६ मिलिमीटर, १०० ला १६५.

आम्ही फुंकलं, पाणी चढलं, आणि काटा शून्यावरच. नळी सोडवून तार घातली तर आतून लाल माती आली. कुंभारणीने घर केलं होतं! आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात, प्लगच्या भोकात मातीचं घरटं बांधते ती माशी. शेडमध्ये आठवडाभर टोपी नसलेली नळी म्हणजे तिला आयता प्लॉट. हसण्यावारी नेऊ नका. फेब्रुवारी १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकहून उडालेलं एक बोईंग ७५७ पिटो नळी बुजल्यामुळे समुद्रात पडलं आणि १८९ माणसं गेली. नळी बहुधा अशाच माशीच्या घरट्याने बुजली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. आता आमच्या पिटोवर टोपी असते आणि तिला हातभर लाल फीत. टाकीच्या हवेच्या नळीलाही तीच टोपी.

बाकी: एलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकाकडच्या हलत्या झडपा, उलटे जोडले गेले नाहीत ना हे दोघांनी वेगवेगळं बघायचं. वैमानिकाच्या हातातला दांडा डावीकडे झुकवला की डावा एलेरॉन वर. आवळलेल्या प्रत्येक नटवर लाल रेघ मारायची, म्हणजे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आमच्या रेघा वहिनीच्या नेलपॉलिशच्या आहेत.

पेट्रोल पंपावरचं पेट्रोल चालतं का?

आमच्या इंजिनाला ९५ ऑक्टेनचं साधं पेट्रोल चालतं, पण इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणात हवाच पाण्याने भरलेली. काही जातीच्या रबरी नळ्या आणि फायबरच्या टाक्या ते खातं.

शंका असेल तर मापाच्या उभ्या नळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल भरा, हलवा आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर वाढतो. आमच्या नमुन्यात १० ची रेघ २५ च्या आसपास गेली. म्हणून आम्ही विमानाचं खास पेट्रोल, १०० एलएल, ड्रममधून आणतो. त्यात शिसं असतं, तेल लवकर बदलावं लागतं, खिसा रडतो.

आधी जमिनीवर पळवून बघितलं असेल ना?

बघितलं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. चालण्याच्या वेगाने ब्रेक, वळणं, रेडिओ, तापमान, हे सगळं भरपूर. वेगात पळवणं मात्र मोजून तीनदा. यात घात असा की विमान हलकं असतं, एकटा माणूस बसलेला, गार हवा. काही कळायच्या आत ते वर येतं, आणि तेव्हा पुढे धावपट्टी उरलेली नसते. उडायची तयारी झालेली नसेल तर उडण्याच्या वेगाजवळ जायचंच नाही, आणि जायचं असेल तर उडण्याची पूर्ण तयारी करूनच. प्रत्येक धावेनंतर ब्रेक गार होईपर्यंत थांबायचं. तो वेळ आम्ही पक्षी हाकलण्यात घालवला. जवळच सुकट वाळत घालतात, तिथे घारी असतात.

त्या २२ मिनिटांत काय केलं?

बघायला अगदी कंटाळवाणं. धावपट्टीच्या डोक्यावरच गोल गोल फिरत ३००० फुटांवर गेला. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या झडपा, जिथे होते तिथेच, थ्रॉटलला उगाच हात नाही. मी खाली रेडिओवाल्याच्या शेजारी, दर दोन मिनिटांनी तो आकडे सांगायचा आणि मी वहीत उतरवायचो. सातव्या मिनिटाला तेलाचं तापमान १२० अंश. मर्यादा १३०. माझ्या पोटात गोळा. त्याने नाक थोडं खाली केलं, वेग वाढला, चार मिनिटांत ते १०८ वर आलं.

मग वरच, भरपूर उंचीवर, त्याने उतरण्याची रंगीत तालीम केली. हळूहळू वेग कमी करत विमान सैल कुठे पडतं ते पाहायचं, पण पूर्ण स्टॉल करायचा नाही. स्टॉल म्हणजे पंखावरची हवा सुटून उचल जाणं, ते पुढच्या उड्डाणांचं काम. ४२ नॉटला दांडा थरथरला. त्याला १.३ ने गुणलं की उतरण्याचा वेग मिळतो, ५५ च्या आसपास. तो आकडा त्याने गुडघ्यावरच्या कागदावर लिहिला आणि त्याच आकड्यावर खाली आला.

उतरल्यावर त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं, असंही विचारतात. म्हणाला, "डावा पंख जड आहे." मग आम्ही काउलिंग उघडून प्रत्येक नळी हाताने चाचपली. घरी फोन त्यानंतर.

इंजिन बंद पडलं तर?

उडाल्याबरोबर बंद पडलं तर समोरच, थोडं डावी-उजवीकडे, जे मिळेल तिथे उतरायचं. मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह जीव घेतो, कारण कमी उंचीवर, कमी वेगात घेतलेलं वळण स्टॉलकडेच जातं. आमच्या धावपट्टीच्या एका टोकाला कलमांची बाग आहे, दुसऱ्या टोकाला कातळ आणि मग समुद्र. दोन्ही बाजूंनी आदल्या आठवड्यात चालत गेलो. बागवाल्याशी बोलून ठेवलं. "पडलास तर पायरीच्या झाडांवर पड, हापूसवर नको," हे त्याचं म्हणणं. भाऊ लाईफ जॅकेट घालूनच बसतो.

अमेरिकेत वाहतूक सुरक्षा मंडळाने घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास २०१२ मध्ये काढला. त्यात इंजिनाचे बिघाड आणि विमानावरचा ताबा सुटणं हीच मोठी कारणं निघाली. पुढे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, पहिल्या चाचण्यांत जाणकार दुसरा वैमानिक सोबत घ्यायची सोय केली. आमच्या परमिटमध्ये तसं नव्हतं, म्हणून भावाने आधी त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात, दुसऱ्या राज्यात जाऊन, आठ तास काढले.

खाऱ्या हवेत विमान टिकेल का?

बोट टिकते तेवढं, म्हणजे निगा ठेवाल तितकं. आमचा पत्रा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा, तो जास्त ताकदवान अशा २०२४ जातीपेक्षा गंजाला कमी बळी पडतो. त्रास पत्र्याला नाही, सांध्यांना होतो. ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट थेट टेकला आणि मध्ये खारट ओल आली की खाणं सुरू. प्रायमर, ग्रीस आणि दर उड्डाणानंतर गोड्या पाण्याचा हात. पावसाळ्यात चार महिने पंख काढून आत.

सगळ्यात पहिलं विमान १८९५ साली मराठी माणसानेच उडवलं ना?

शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर उडवलं, असं सांगतात. त्या काळचा पक्का पुरावा नाही. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या संस्कृत ग्रंथातले आराखडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासले, ती यंत्रं उडू शकत नाहीत असं निघालं. यावर माझ्याशी वाद घालायला पुष्कळ जण येतात. चहा देतो.

खर्च किती आला?

वहिनी वाचतात हे पान.

एकदा उडालं, मग आता कसल्या चाचण्या?

पहिल्या दिवशी एवढंच कळलं की ते उडतं. किती वेगाने, किती वजनाने, कुठपर्यंत, हे सगळं बाकी असतं. अमेरिकेत अशा विमानाला साधारण ४० तास चाचणीत काढावे लागतात, इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५. आम्हीही ४० धरून चाललोय. वेगाचं घड्याळ हवेत पुन्हा तपासतो: चारही दिशांना एकाच वेगाने उडायचं, जीपीएसचे आकडे घ्यायचे, म्हणजे वारा एकमेकांत वजा होतो. मग उंची आणि तापमानाचा हिशेब. आमचं घड्याळ ४ नॉट जास्त दाखवतं. स्टॉल आता करून झाले, फ्लॅपसह आणि फ्लॅपशिवाय.

मला धास्ती आहे ती वरच्या वेगाची. ठरावीक वेगाला एलेरॉन किंवा शेपटी पत्र्यासारखी फडफडू लागते आणि काही सेकंदांत तुटू शकते. म्हणून दर वेळी फक्त ५ नॉट वाढवायचे, भरपूर उंचीवर, दांड्याला हलकी टपली मारायची, थरथर लगेच मरते का बघायचं आणि खाली येऊन बिजागऱ्या तपासायच्या. एका दिवसात दोन पायऱ्यांच्या वर जायचं नाही असा घरचा नियम आहे. भाऊ तिसरी मागतो.

मला कधी बसवणार?

दुसऱ्या सीटवर सध्या वाळूची तीन पोती बसतात, प्रत्येकी २५ किलो, पट्टे घट्ट आवळून. वजन वाढवत नेण्याच्या चाचणीसाठी. आज १७ तास झालेत. यादीत पहिलं नाव मावशीचं आहे, आणि ती म्हणते पोतीच बरी.